पत्रिकेतला तात्या

माझा जलम खुटबावचा, दौंड तालुक्यातलं, आन् दिली ती भीमेच्या ह्या अंगाला, वडगाव रासाईला. तवा नदीवर पूल न्हवता ताई, होडी व्हती, आन् होडीतनं मी नवरी आले, लुगड्याचा काठ भिजला म्हनून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं, ते तेवढं आठवतंय, बाकी त्या दिवशी काय जेवले, कोन कोन व्हतं, समदं इसरले. वय इचारू नका. ओंकारनं, म्हंजी माझ्या नातवानं, आधारकार्डाच्या वक्ताला कायतरी साल टाकलंय, तेच खरं धरा. पंच्याहत्तरीच्या आसपास असंल. गुडघ्यांना इचारलं तर ते शंभर सांगत्याल.

मला सख्खा भाऊ न्हाई. आमच्या भिंतीला भिंत लावून तात्याचं घर, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्सांनी मोठा असंल, ना नात्याचा ना गोत्याचा, पन ल्हानपनापास्नं भाऊबीजेला मी त्यालाच ओवाळायची. माझे वडील गेले, आई गेली, घराला कुलूप लागलं, मग माहेर म्हंजी तेच घर. तात्याची बायको कौसा, मी तिला वैनी म्हनते, ती मला वन्सं म्हनती. रिकाम्या हातानं कवा धाडलं न्हाई तिनं मला. खनाची चोळी नसली तर चार वांगी का व्हईनात, पन वटीत कायतरी घालायचीच.

आन् आमचे हे, ह्यांना गाव आप्पा म्हनतं, ह्यांची न् तात्याची दोस्ती कशी झाली सांगू का. मला न्यायला आलेले, तात्या आम्हाला घालवायला नदीपातूर आला, तर होडीवाला गेलेला जेवायला. बसले दोघं काठावर. मी आपली बोचकं घिऊन बाजूला. होडीवाला आला, चला म्हनला, ह्यांचं ध्यानच न्हाई, तो दुसरी खेप करून आला तरी ह्यांचं बोलनं चालूच. काय बोलत व्हते तर शेवंती. तात्याच्या रानात शेवंती असायची, आमच्यात नुसती बाजरी न् मटकी. आठ दिवसांनी तात्या ओल्या पोत्यात रोपं गुंडाळून स्वताच होडीनं आला, दोन दिवस ऱ्हायला, लावून दिली आन् गेला. आमच्या घरात फुलं आली ती तात्यामुळं, घर उभं ऱ्हायलं ते बी त्या फुलांवर, हे मी कुनापुढं बी सांगंन. दसरा-दिवाळीला पुन्याला माल न्यायचो तर नदीपल्याड तात्याकडं न्यायचा, तिथनं एकच टेम्पो. म्होरं हे दोघं, मागं फुलांच्या पाट्यांत मी आन् वैनी, सासवांची गाऱ्हानी करत करत पुनं कवा यायचं कळायचं न्हाई.

मग पूल झाला. काय सांगू तुम्हाला, होडी व्हती तवा पंधरा दिवसाला जानं-येनं, पूर आला तर जीव तुटायचा की कवा पानी उतरंल. पूल झाला आन् आम्ही म्हनायला लागलो, आता काय, कवाबी जाता येतंय. कवाबी जाता येतंय म्हनून जायाचंच ऱ्हायलं बघा. एका साली ह्यांचा मोतीबिंदू, एका साली माझा गुडघा, मग ल्योकाला सवड न्हाई, मग आजार आला तो मोठा, समदं बंद. सात वर्सं गेली. भाऊबीजेला फोन करायची, तात्या, इथनंच ओवाळते रं म्हनायची, तो हसायचा. नंतर नंतर फोनवर वैनीच यायची, म्हनायची तो झोपलाय. मी बी बरं म्हनायची. झोपलाय तर झोपलाय. मी पुढं इचारलं न्हाई.

आता आम्ही रिटायर. ओंकार म्हनतो तसं, आजी तुम्ही दोघं आता रिटायर. शेतकऱ्याला कसलं आलंय रिटायर, हात उचलंना म्हनून घरात बसलो, तेच ते. रान ल्योक बघतो. सकाळी उठायचं, गोळ्या घ्यायच्या, ह्यांनी वट्ट्यावर बसायचं, मी दारात. ओंकार तिकडं कारेगावला, कंपनीत हाय, तिथंच खोली केलीया, शिफ्ट असती त्याची. हप्त्यातनं यायचा, मग पंधरवड्यातनं, मग सणाला. येतो, पाया पडतो, फोनमधी बघत जेवतो, जातो. गुनाचा हाय हो, वाईट न्हाई, मागितलेलं औषध इसरत न्हाई. पन आम्ही बोलायला लागलो की त्याचा चेहरा असा व्हतो, टीव्हीवर जाहिरात लागल्यावर व्हतो ना, तसा. मग आम्ही बी बोलनं कमी केलं. दमल्यावानी झालं. एकमेकांसंगं बी काय बोलायचं, आमचं दोघांचं समदं बोलून झालंय.

तर ओंकारचं लगीन ठरलं. पत्रिका त्यानंच तयार केली, फोनवरच. आमच्याकडल्या पत्रिका तुम्ही बघितल्यात का, अर्धं गाव असतंय त्यात, कुनाचं नाव ऱ्हायलं की तो लग्नात जेवत न्हाई. एका रविवारी आला, ह्यांच्याजवळ बसला, म्हनला आजोबा, तुमच्या जुन्या मित्रांची नावं सांगा, वर आशीर्वाद म्हणून छापतो. हे असे खुलले! कितीक दिवसांनी नातवानं कायतरी इचारलं. पाच-सहा नावं सांगितली, त्यात तात्याचं पहिलं. ओंकारनं लिहून घेतलं आन् इचारलं, यातले हयात कोण कोण आहेत. आन् हे वर बघत म्हनले, आता कोन ऱ्हायलंय रे बाबा, समदी गेली.

मी तिथंच लसूण सोलत बसलेली. मी ऐकलं. बाकीची खरंच गेलेली, मला माहीत हाय. पन तात्या? माझ्या तोंडात आलं न्हाई की अवो असं काय बोलताय, तात्या हाय की. आलंच न्हाई. ह्यांना नावं ठिवते मी, पन तुम्ही हे पन लिहा, मी बी तिथं व्हते आन् लसूण सोलत बसले.

पोरानं सगळ्यांच्या नावाआधी कै. घातलं. कैलासवासी. पत्रिका आल्या, देवाम्होरं ठेवल्या, हळद-कुंकू लावलं. ह्यांना बारीक दिसत न्हाई, मी चौथी शिकलेली, गनपती छान हाय म्हनलं न् ठेवली. ल्योकाला वाचायला सवड कुठली. वाटून बी झाल्या, फोनवरनं तर कुठं कुठं गेल्या.

आन् एक दिवशी सकाळी वैनीचा फोन. मी म्हनलं, वैनी, यायचं बरं का लग्नाला, आठ दिवस आधी यायचं. ती म्हनली, वन्सं, रोज सकाळी कुंकू लावते मी. माझं कुंकू तुम्हीच पुसलं व्हय? मला काय कळंना. म्हनली, गावात पोरांच्या फोनवर पत्रिका आलीया, दोन बाया कालच्याला मला भेटायला येऊन गेल्या, दारात मीच उभी, त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. आन् फोन ठेवला.

मी पत्रिका काढली, बोट ठिवून वाचली, एकेक अक्षर. ह्यांना सांगितलं. हे जेवले न्हाईत. ओंकारला फोन केला, तो घाबराघुबरा झाला, म्हनला आजी, मी त्यांना कधी बघितलंच नाही गं. मी त्याला काय म्हनू? खरंच हाय ते. साळंसाठी तो ल्हानपनापास्नं मामाकडं, सुट्टीत आला तरी आम्ही त्याला नदीपल्याड कवा नेलं न्हाई. त्याचं बारसं झालं तवा तात्यानं त्याला मांडीवर घेतलेलं, पन ते त्याला कसं ठावं असनार. आमची मानसं आम्ही त्याला दावलीच न्हाईत, आन् त्यानं इचारलं तवा मारून टाकली.

ओंकार नव्या पत्रिका छापतो म्हनला. मी म्हनलं पत्रिका ऱ्हाऊ दे, गाडी घिऊन ये. तर हे यायला तयार न्हाईत. म्हनत्यात, मी कुठल्या तोंडानं जाऊ. मी म्हनलं, ज्या तोंडानं बोललात त्याच तोंडानं चला. लई बोलले त्या दिवशी मी ह्यांना, इतकं कितीक वर्सांत बोलले न्हवते. शेवटी टोपी घातली न् गाडीत बसले.

पूल आला. मी पदर नीट करेस्तोवर पूल सरला बी. एवढीशी नदी, ताई. मला रडाय आलं.

तात्या अंगनात बाजेवर. उजवं अंग गेलेलं, तोंड जरासं वाकडं झालेलं. लकवा मारून दोन दिवाळ्या झालेल्या आन् आम्हाला पत्ता न्हाई. वैनी दाराच्या चौकटीला टेकून उभी, या म्हनली न्हाई, बसा म्हनली न्हाई. मी म्हनलं वैनी, कळवलं का न्हाई गं. ती म्हनली, तुम्ही इचारलं कवा. ओंकारनं वाकून तात्याच्या पायावर डोकं ठिवलं. तात्या त्याच्याकडं न्हाई, ह्यांच्याकडं बघत व्हता. आन् एकेक शबूद जुळवून जुळवून म्हनला, दाजी, मेल्यावर आलात व्हय. मला ठावं असतं तर मी आदीच मेलो असतो.

हे खाली मातीत बसले आन् रडले. बाप मेला तवा रडले न्हवते हे, मी बघितलंय. तात्याचा डावा हात बाजेवरनं खाली आला, ह्यांची टोपी चाचपली, सरळ केली. म्हनला, रडू नका, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हनत्यात, माझं वाढलं, तुमच्या नातवाची किरपा.

मी वैनीला म्हनलं, आरतीचं ताट दे. दिवाळी न्हाई, भाऊबीज न्हाई, उन्हाळ्याचं ऊन नुसतं. ती हलंना. मला वाटलं संपलं, माहेर संपलं माझं. मग आत गेली, किती वेळ आलीच न्हाई. आली ती ताट घिऊन. माझ्या हातात दिलं न्हाई, आदी खाली ठिवलं, करंडा उघडला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग मी तिच्या कपाळाला लावलं. मग मी तात्याला ओवाळलं, सात वर्सांचं सात वेळा. निघताना तिनं माझ्या वटीत चार वांगी घातली.

लग्नाला आले दोघं. ओंकारनंच गाडी धाडली. तात्याला पुढच्या खुर्चीत बसवला, फेटा बांधला, ओंकार बोहल्यावर चढायच्या आदी होनाऱ्या बायकोला घिऊन त्याच्या पाया पडला. पत्रिका वाचलेली मानसं टकमका बघायची आन् तात्या त्यांना डावा हात हलवून दावायचा. मजा वाटत व्हती त्याला.

झालं त्याला आता वरीस. पुन्हा तेच दिवस, गोळ्या, वट्टा, दार. ओंकार आता महिन्याला येतो, मधी एकदा आम्हा दोघांला खुटबावला घिऊन जातो, तात्यापाशी बसतो, फोन खिशात ठिवून बसतो, ते मी बघते. उरलेल्या पत्रिका माळ्यावर हायत. ल्योक म्हनतो जाळून टाकू. मी जाळू देत न्हाई. तात्याचं काय, ह्यांचं काय, आज ना उद्या तसं छापायची येळ येनारच हाय, आम्हाला चौघांना बी ठावं हाय. मला त्याचं काय वाटत न्हाई आता. लई थकलोय आम्ही. फक्त आपन जित्ता असताना कुनी आपल्याला गेलेल्यांत धरू नये, एवढंच.

थांबा हां, पाच वाजले का? डेरीला दूध गेलं की रोज फोन येतो, तात्याची सून लावून देती, त्याला बोटांनी जमत न्हाई. वाजला बघा. आता तुम्हीच ऐका, मी मोठ्यानं लावते. तात्या इचारतो, हाय का? आन् हे म्हनत्यात, हाय. मग हे इचारत्यात, तुमी? आन् तो म्हनतो, हाय. झालं, ठिवला. रोज एवढंच.

बसा, च्या टाकते. आता आजचा दिवस झाला.