भाईजानचा कागद आणि माझी ट्यूब

आम्ही मूळचे देवणीचे, वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, पुढं बैलगाड्या कमी झाल्या तसं भाईजान, म्हणजे माझे थोरले भाऊ, उदगीरला येऊन जीपगाड्यांच्या कामात शिरले आणि मला बारावीनंतर सोबत घेतलं. काय सांगू तुम्हाला, मला वाचायचा लई नाद. ऑईलच्या डब्यावरचं, ट्यूबच्या मागचं, बारीक अक्षरातलं सगळं वाचायचो, आणि भाईजान हसायचे, क्या रे किताबी, ट्यूबां पढके गाडी बनती क्या. गिऱ्हाइकासमोरबी म्हणायचे. मला राग यायचा न्हाई, कारण हात त्यांचा खरंच सोन्यासारखा होता.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. चारही चाकं ओढणाऱ्या जीपला मागं-पुढं दोन डिफ्रेन्शल असतात, एक्सलच्या मधोमध तो लोखंडी भोपळा दिसतो ना, तेच. त्यात दातेरी चक्रं घट्ट तेलात फिरतात. काम करून तो बंद करताना दोन लोखंडांच्या मधी काहीतरी लावावं लागतं, न्हाई तर तेल बाहेर आणि ओढ्याचं पाणी आत. भाईजान कागदाचं पॅकिंग लावायचे. कागद लोखंडावर धरून कडेकडेनं हातोडीनं टकटक ठोकायचे, की बोल्टाच्या भोकांसकट कागद आपोआप कापला जायचा, वर लाखेचं चिकट शेलॅक चोपडायचे. मी म्हणायचो ट्यूबमधलं सिलिकॉन लावा. ते म्हणायचे, कागद माझ्या हातानं कापलेला असतो, ट्यूबमधलं कुणी भरलं कुणास ठाऊक.

त्या उन्हाळ्यात जनावरांच्या डॉक्टरांची, स्वामी डॉक्टरांची जीप आली, मागचं डिफ्रेन्शल ओरडत होतं. भाईजाननी खोललं, बेअरिंग बदलली, पॅकिंग कापून खिळ्याला अडकवलं, चहा पिले आणि बसल्या जागी छातीत दुखून गेले. गाडी तशीच उघडी, ठोकळ्यांवर उभी.

दफनानंतर गॅरेज बंद ठेवलं. उघडायचं धाडस मला होईना, तर भाभींनीच आतून चावी पाठवली. घर गॅरेजच्या मागंच हाय आमचं. नवरा गेल्यावर बाई काही महिने घराबाहेर पडत न्हाई, इद्दत म्हणतात आमच्यात, त्या इद्दतीत होत्या, म्हणून मधल्या दाराआडून बोलायच्या. म्हणाल्या, रफीक, गाडी उघडी टाकून गेलेत ते, ती बंद कर. आणि त्यांनी कापलेलं पॅकिंगच लाव. त्यांची टकटक ऐकत मी त्या दिवशी मेथी निवडत होते, शेवटची टकटक.

मी हाव म्हटलं आणि लोखंड घासायला घेतलं. पॅकिंग आधी कापायचं आणि ते बसतं ते लोखंडाचं तोंड मग घासायचं, ही भाईजानची सवय. जुना मळ निघाला तशी खालून एक खाच दिसली, आधीच्या कुठल्या मेस्तरीनं छिन्नी मारून जुनं पॅकिंग काढलेलं, खाच आतून पार बाहेरच्या कडेपर्यंत. कागद खाच भरत न्हाई. शेलॅक भरतं, पण ते कडक होतं, रस्त्याच्या हादऱ्यानं तडकतं. मऊ राहणारं सिलिकॉनच तिथं पाहिजे, याबद्दल मला तेव्हाबी शंका नव्हती, आजबी न्हाई.

पण भाभींना कसं सांगावं? त्या बाहेर येऊन बघू शकत नव्हत्या. मग मी लोखंडाला काळं ग्रीस पुसलं, वर पांढरा कागद दाबला. सगळीकडं काळा ठसा उठला, खाचेच्या जागी पांढरी रेघ. तो कागद दाराखालून सरकवला आणि म्हटलं, पांढरी रेघ म्हणजे खाच, तिथं पॅकिंग गळेल, सिलिकॉन लावतो. कागद बघून भाभी म्हणाल्या, तू हे बोलून राहिलास, कारण ते आता भांडायला न्हाईत.

मी म्हटलं, हाव भाभी, असते तर लई भांडले असते, पण मी तरीबी हेच लावलं असतं.

म्हणाल्या, लाव. पण गळाली तर लोक म्हणतील उस्तादचं शेवटचं काम गळालं. तुझं नाव कुणी घेणार न्हाई.

ते माझ्या काळजात बसलं. भाईजाननी कापलेलं पॅकिंग भाभींकडं आत दिलं आणि नांदेडहून ट्यूब मागवली. दुकानदार विचारतो लाल देऊ का काळी, मी म्हटलं रंगावर जाऊ नका, मागं गियर ऑईलला चालेल असं लिहिलंय का ते वाचा. काम भल्या सकाळी केलं, कारण आपल्याकडच्या उन्हात बोल्ट हातात घेईपर्यंत सिलिकॉनवर साय धरते, मग ते चिकटत न्हाई. थिनरनं तोंड कोरडं पुसलं, समईच्या वातीएवढी बारीक धार फिरवली, प्रत्येक भोकाला वळसा. जास्त लावलं की आत दाबलं जातं, तुकडे सुटून बेअरिंगमधी जातात. डिफ्रेन्शल एकदाच बसवलं, हलवलं न्हाई, बोल्ट समोरासमोरचे आवळले. तेल दुसऱ्या दिवशी भरलं. डॉक्टर फोनवर फोन करून राहिले, मी म्हटलं वाळू द्या.

पावसाळाभर ती जीप काळ्या चिखलातून, ओढ्यांतून फिरली. इद्दत संपल्यावर डॉक्टर भाभींना भेटायला आले, त्याच गाडीनं. भाभी अंगणात आल्या, हीच का म्हणाल्या, खाली बसल्या आणि भोपळ्याखालून हात फिरवला. हाताला वाळलेला चिखल, बस. नाकाशी नेऊन वास घेतला, गियर ऑईलचा वास लपत न्हाई, तो नव्हता.

म्हणाल्या, ते असते तर म्हणाले असते, नशीब तुझं. मी म्हटलं, हाव, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप माझीच ट्यूब वापरली असती. हसल्या. ते गेल्यापासून पहिल्यांदा.

आता गॅरेज मीच बघतो, आणि हुज्जत भाभी घालतात. मधल्या दारात खुर्ची टाकून बसतात, इथं कागद का नको, तिथं ट्यूब कशाला, एवढीशीच का लावतोस. मी काम थांबवून एकेक सांगतो. गिऱ्हाईक खोळंबतं. खोळंबू द्या. अल्ला भाभींना लंबी उमर देवो.