गेलीनच्या चौदा खिडक्या

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, "चारच तर ओळी होत्या!" चारच! अहो, मला काय मोजता येत नाही? एकोणीस वर्षं मी टिमारू गावात बसून लोकरीच्या वखारींचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहितोय, त्यातली ओळ न् ओळ माझ्या हातची, आणि हा लॉकलन डनीडनहून येतो काय, कॉफी दळायची स्वतःची चक्की टेबलावर मांडतो काय, आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी खुपसतो काय! बरं, तरणाबांड असता तर म्हटलं असतं, चला, नवं रक्त आहे. पण माझ्याच वयाचा हो! सत्तेचाळीस! आणि केस सगळे जागच्या जागी!

तुम्हाला सांगतो भानगड काय होती ती. बंदरावरच्या वखारीत गेलीन बसते. लोकरीची गाठ आली की बटण दाबायचं, पडद्यावर खिडकी उघडते, त्यात वजन भरायचं. सरळ काम. पण मध्येच कुणी शेतकरी येतो, मेंढ्यांचं रडगाणं गातो, गेलीन मान डोलावते, परत वळते, पुन्हा बटण दाबते... की दुसरी खिडकी! पुन्हा दाबलं, तिसरी! जेवायच्या सुट्टीपर्यंत एकाखाली एक चौदा! एकीत नवं वजन, एकीत जुनं, आणि जुनी बंद करायला जावं तर ती नव्यावर जुनंच लिहून मोकळी! आता याला उपाय काय? उघड्या खिडक्यांची यादी प्रोग्रॅमकडे असतेच. बटण दाबल्यावर त्यात डोकवायचं. असली तर तीच पुढे आणायची, नसली तर नवी उघडायची. खिडकी आधीच उघडी आहे का, एवढंच बघायचं! शिकाऊ माणूससुद्धा करील.

मग तुम्ही विचाराल, नेव्हिल, लेका, तू का नाही केलंस एकोणीस वर्षं?

...पाणी आहे का हो इथे?

सांगतो. चौदा खिडक्या झाल्या की गेलीन मला फोन करायची. "नेव्हिल, अरे पुन्हा पसारा झाला बघ!" मी म्हणायचो, "घाबरू नकोस. सगळ्यात वर काय दिसतंय?" "मॅकअल्पाइनची गाठ, एकशे ऐंशी किलो." "ती राहू दे. तिच्याखाली?" अशा चौदा निस्तरायला चाळीस मिनिटं लागतात! आणि चाळीस मिनिटं माणूस नुसती वजनंच सांगतो होय? तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी फोनवर ऐकलं. तिचा नवरा घर सोडून गेला, ते तिने मला नवव्या आणि दहाव्या खिडकीच्या मध्ये सांगितलं. घरी माझ्याशी बोलायला आहे कोण? एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं! मला तो फोन हवा होता. बास. सांगून टाकलं. खिडकी आधीच उघडी आहे का, एवढंच बघायचं... आणि मी मुद्दाम बघत नव्हतो!

आणि एका मंगळवारी मी गेलो दाढ काढायला. एकच दिवस! फोन उचलला लॉकलनने. परत येतो तो गाल फुगलेला, आणि आमचे साहेब, मरे, सगळ्यांसमोर म्हणतात, "नेव्हिल, ते खिडक्यांचं दुखणं लॉकलनने अर्ध्या तासात घालवलं रे! तुझ्या लक्षात कसं नाही आलं?" लक्षात! शुक्रवारी वखारीतून चीज घातलेले स्कोनचे पाव आले. डब्यावर चिठ्ठी, "लॉकलनसाठी." माझ्यासाठी एकोणीस वर्षांत साधं बिस्किट नाही!

मग मी त्या चार ओळी उघडून बसलो. म्हटलं, कुठेतरी शेण खाल्लं असेलच की! खिडकीच्या नावावरून शोधत असेल, शेतकरी बदलला की नाव बदलतं, मग फसेल... नाही. खिडकीच्या जातीवरून शोधतोय. बरं, खाली दडवून ठेवलेली वर काढतो का? काढतो. बंद केलेलीला जिवंत समजतो का? समजत नाही. दोन दिवस बघत होतो हो, एक खोट सापडेल तर शपथ! अंगाचा नुसता तिळपापड!

तीन आठवडे फोन गप्प. आणि मग सोमवारी वाजला! मी झडप घातली. पलीकडून गेलीन. "लॉकलन आहे का रे?"

म्हटलं, "नाही. बाहेर गेलाय."

"मग हा घर्रघर्र आवाज कसला?"

"प्रिंटर बिघडलाय!" लॉकलन समोरच कॉफी दळत होता.

"अरे, माझी खिडकीच उघडत नाहीये. बटण दाबते, काहीच दिसत नाही."

अहाहा! तुम्हाला सांगतो, इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. गाडी काढली आणि सुटलो बंदराकडे. बघतो तर काय, तिच्या टेबलावरचा दुसरा मॉनिटर सकाळी कुणीतरी पुढच्या काउंटरवर नेलेला. आणि खिडकी पहिल्या दिवशी जिथे ठेवली तिथेच रोज उघडते, म्हणजे त्या नसलेल्या मॉनिटरवर! लॉकलनच्या ओळी बघतात, हं, उघडी आहे, आणि तिलाच पुढे आणत बसतात, उजवीकडे, भिंतीच्या अंगाला, जिथे आता मॉनिटरच नाही! उघडी आहे का, एवढंच बघायचं, नाही का? दिसते का, ते कोण बघणार, मी?

आता खिडकीने जागा लक्षात ठेवायची ही अक्कल कुणाची? ...माझी. जाऊ द्या.

दुरुस्ती दोन ओळींची. केली असती तर मरेसाहेबांसमोर लॉकलनचं नाक कापलं गेलं असतं! पण म्हटलं, थांब नेव्हिल. दुरुस्त झालं की फोन पुन्हा बंद. म्हणून मी प्रोग्रॅमला हातच लावला नाही. नुसतं तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "हे बघ, ऑल्ट आणि स्पेस एकदम दाब. मग एम. आता डावा बाण धरून ठेव." आणि आली खिडकी सरकत सरकत! गेलीन टाळ्या वाजवायला लागली. "नेव्हिल, तू म्हणजे तूच रे!" तूच! तासभर बसलो. चहा झाला, गुडघ्याची चौकशी झाली. निघताना म्हटलं, "पुन्हा हरवली तर मलाच फोन कर हं. लॉकलनला यातलं काही कळत नाही."

मंगळवारी फोन नाही. बुधवारी नाही. गुरुवारी मीच लावला. "काय गं, खिडकी हरवते की नाही?"

"रोज सकाळी हरवते की!"

"मग?"

"मग काय? ऑल्ट, स्पेस, एम, डावा बाण! तू इतकं छान समजावलंस, मी चिठ्ठीच चिकटवलीये मॉनिटरला. आता कुणाला फोन करायची गरजच नाही बघ. लॉकलनलाही सांग."

कुणी सांगितलं होतं हो मला इतकं छान समजवायला? एकोणीस वर्षं एक धड गोष्ट शिकवली नाही म्हणून तर बरं चाललं होतं!

सांगितलं लॉकलनला. त्याचाही फोन वाजत नाही आता. तेवढंच आपलं समाधान.