साठाव्या लेव्हलनंतर

गेमच्या दुकानात परत आलेला माल घेणाऱ्या ताईंचे हात कामात होते, पण कान रांगेतल्या नवरा-बायकोकडे होते.

"लहान मुलांच्या गेममध्ये नागडी दृश्यं लपवतात! मी सोडणार नाही यांना."

"नकाच सोडू. पण तुम्हाला ती सापडली कशी?"

"सोपं आहे. साठ लेव्हल पार करायच्या, मग नेटवरून एक फाइल घेऊन गेममध्ये टाकायची."

"फारच सोपं! आणि आपली लेक?"

"ती तिसऱ्या लेव्हललाच कंटाळली."

"बापाचं काळीज हो! तिच्या काळजीपोटी एकट्याने साठ पार केल्या. आणि मी मेली, पाठ धरली म्हणून रजा घेतलीत असं समजून शेक देत बसले."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

त्यांची पाळी आली. ताईंनी गेमचा डबा उघडला. "साहेब, यात डिस्कच नाहीये."

"अरेच्चा! मशीनमध्येच राहिली वाटतं."

"असू द्या हो ताई. पुरावा आहे तो, जपून ठेवलाय त्यांनी."