कंपाउंडरचं जाडं पुस्तक

सरकारी नोकरीत लय आराम, असं मले तं सांगूच नका. स्वराज्य येऊन सात-आठ वर्सं झाली होती. दवाखान्यातली डॉक्टरीची पुस्तकं कोण सांभाळते अन् कोण वापरते, हे लिहून आणायले मले फारम देऊन गावोगाव धाडलं. हिंडून हिंडून पायाचे तुकडे पडले. रिठदच्या पुढच्या एका खेड्यात पोचलो तं अंगात ताप.

दवाखान्यात डॉक्टरच नव्हता, बदली होऊन वर्स झालं होतं. कंपाउंडर एकटा, अन् कपाटात इंग्रजीतलं एक जाडं पुस्तक.

"हे कोण वाचते?" मी इचारलं.

"कोणीच नाही. मले कुठं इंग्रजी येते?"

"मंग पानं एवढी मळली काहून?"

"साहेब, पुस्तक उघडल्याबिगर इथं कोणी औषधच घेत नाही. पान उलटतो, बोट फिरवतो, मान हलवतो, मंग बाटली भरतो. नाही तं मानूस उठून भगताकडे जाते."

मी भडकलो. "याले वापरणं म्हणतात का? फारमात काय लिहू मी, डोंबल?"

त्यानं माहा तापलेला हात धरला. माही नाडी पाह्यली अन् लाल औषध कपात ओतून पुढं केलं. मी कप तोंडापाशी नेला अन् थांबलो.

"काय झालं, साहेब?"

"तुमी पुस्तक नाही पाह्यलं."

त्यानं निमूट पान उलटलं, बोट फिरवलं, मान हलवली. मी औषध पेलो, अन् फारमात 'वापरणारे' लिहिलं होतं तिथं माहंच नाव टाकलं.