सिरीयलमधलं सुतक

आमच्या आत्यापुढं कुणाचं काय चालायचं न्हाई, बघा. दर मंगळवारी टीव्हीवर आम्ही बघायचो त्या सिरीयलमधल्या सोळा वर्षांच्या पोरीच्या गाण्यांची पहिलीच कॅसेट निघाली, आणि मी साताऱ्याला जाऊन ती आणली. आमच्या अख्ख्या मेढा गावात पहिली माझी! टेपमध्ये घालणार, तोच आत्यानं हात धरला.

"लाज न्हाई वाटत? मंगळवारीच हिचा बाप पुरात वाहून गेला. तेरावं झाल्याबिगर गाणी लावायची न्हाईत."

"अगं आत्या, ते सिरीयलमधलं हाय!"

"मग आपण रडलो ते खोटं व्हय?"

कॅसेट तांदळाच्या डब्यात गेली.

पुढच्या मंगळवारी सिरीयलमध्ये बाप चालत घरी आला. आत्यानं पदरानं डोळं पुसलं आणि तडक डबा उघडला.

"लाव गं! आन् आवाज वाढीव. बापाला बी ऐकू दे, लेक कशी गाती."