प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशीचा नवा कंपायलर

आज हसतोय, पण त्या सकाळी नोकरी जाते की काय असं वाटलं होतं. भिवंडीच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो. सी भाषेच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी हौसेनं सगळ्या मशीनवरचा जुना कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून चालवणारं सॉफ्टवेअर, काढून नवा टाकला. वर सेटिंगमध्ये कडक तपासणीही निवडली.

सकाळी पोरांनी प्रोग्राम टाइप केले, तर स्क्रीनभर चुकाच चुका. पुस्तकातली जुनी पद्धत नव्या कंपायलरला चालतच नव्हती. अंजूर गावची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, पुस्तकात तर असंच हाय!"

तेवढ्यात बाहेरचे परीक्षक आले. मी घाबरतच सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, स्वतः प्रोग्राम लिहिला. पुन्हा चुका!

त्यांनी हळूच दार लोटलं. "जुन्या कंपायलरची सीडी आहे ना? लवकर टाका. मलापण तोच येतो."