डाव्या चाकाची पिन

(कारा-बाल्ता. घराला लागूनच असलेलं एसेनगुल उस्ताचं गॅरेज. कुबानिचची प्रवासी व्हॅन आत्ताच ओशहून, खिंड उतरून आली आहे. पुढचं डावं चाक जॅकवर.)

कुबानिच : ...नाही हो उस्ता, तेल काठोकाठ आहे. पहिल्यांदा दाबला की ब्रेक पार खाली जातो. लगेच दुसऱ्यांदा दाबला की धरतो.

एसेनगुल : चाक पकड. एक हात वर, एक खाली. हलव.

कुबानिच : हलवतोय... अगं आई गं! हे तर पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगतंय!

एसेनगुल : सोड! हात काढ आधी! सरक, हबची टोपी उघडतो... या खुदा.

कुबानिच : काय झालं? उस्ता, बोला की.

एसेनगुल : नट बघ. दोन आटे उरलेत, दोनच! टोपीला टेकला म्हणून अडला, नाहीतर चाक केव्हाच दरीत गेलं असतं.

कुबानिच : आणि ब्रेक?

एसेनगुल : ब्रेकला काही झालेलं नाही रे बाबा. बेअरिंग सैल पडलं, डिस्क डगमगायला लागली, ती पॅडना मागे ढकलतेय. म्हणून पहिला दाब फुकट जातो. चाक निघायला आलं होतं तुझं!

कुबानिच : चौदा माणसं होती आत. शेजारच्या सीटवर माझी आई. तिच्या मांडीवर माझी तान्ही लेक, मागे बायको. बाळाला चाळीस दिवस झाले म्हणून मायलेकींना माहेराहून आणत होतो हो मी!

एसेनगुल : बस. खाली बस आधी. पाणी पी.

कुबानिच : पाणी कसलं! नट सुटलाच कसा?

एसेनगुल : पिन नाहीये. नटाच्या आरपार पिन असते, तिनं तो फिरत नाही. मोडली असती तर तुकडा सापडला असता. इथं भोकात नुसतं ग्रीस आहे.

कुबानिच : टोकतोगुलचा तो पंक्चरवाला! त्याचंच काम! हेच चाक उतरवलं होतं त्यानं. मी आत लगमान खात बसलो होतो आणि त्या नालायकानं बाहेर माझ्या घरादाराचा मुडदा पाडायची तयारी केली!

एसेनगुल : अरे, पंक्चरवाला हब कशाला उघडेल...

कुबानिच : मग पिन काय उडून गेली? ओशच्या स्टँडवर फोन लावतो. एकूण एक ड्रायव्हरला सांगतो. त्याचं दुकान आठ दिवसांत बंद नाही पाडलं तर नाव नाही सांगणार!

बुरुल : काय चाललंय हे? माझ्या स्वयंपाकघरात भांडी हादरतायत. कुबानिच, तुझा चेहरा असा पांढराफटक का?

कुबानिच : वहिनी, मेलो होतो आम्ही आज! चाकाला पिनच नव्हती!

बुरुल : हाय हाय! बाळ होतं ना रे गाडीत?

एसेनगुल : बुरुल, आतून नव्या पिनांची डबी आण.

बुरुल : आणते. आणि ती खिडकीतली सुटी पण आणू का?

एसेनगुल : सुटी कुठली?

बुरुल : अहो, विसरलात? गेल्या मंगळवारी व्याही गेले, त्यानंतर जेवणाचं दस्तरखान, ते कापड, झटकताना पावाच्या चुऱ्यात सापडली. वाकडी तारच वाटली मला. तुम्हाला विचारलं, तर झोपेतच म्हणालात, ठेव खिडकीत.

एसेनगुल : ...मंगळवारी.

बुरुल : हो, ह्याचीच गाडी दुरुस्तीला होती की दारात. अहो... काय झालं? अहो!

कुबानिच : हॅलो? हां, मी कुबानिच बोलतोय. नीट ऐक. टोकतोगुलचा तो पंक्चरवाला आहे ना...

एसेनगुल : कुबानिच, फोन ठेव.

कुबानिच : थांबा उस्ता, सांगू दे.

एसेनगुल : ठेव म्हणतो ना! तो नव्हे रे. मी आहे तो.

कुबानिच : काय?

एसेनगुल : मी. व्याही निघाले होते, दारात उभे. जाताना सगळ्यांनी नान चाखायचा, म्हणून हिनं हाक मारली. तुझ्या ह्याच चाकाचं बेअरिंग बसवून नट लावून झाला होता आणि पिन माझ्या ओठांत होती. नानचा घास घ्यायचा म्हणून ती काढली, दस्तरखानावर ठेवली. मग व्याही पुन्हा बसले, चहा झाला, वर आणखी एक चहा. परत आलो आणि सरळ टोपी ठोकून मोकळा झालो.

बुरुल : मी हाक मारायलाच नको होती. माझंच चुकलं.

एसेनगुल : तुझं काही चुकलं नाही. पाहुण्यांना नान द्यायचा नाही तर काय! पिन माझ्या तोंडात होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. कुबानिच, अरे, शिव्या दे मला. हा पाना घे, घाल डोक्यात.

बुरुल : अहो, तो पाना ठेवा खाली!

कुबानिच : वहिनी, शिव्या कुणाला देऊ? अकरा वर्षं झाली, प्रत्येक फेरीला खिंडीतल्या बोगद्याच्या आधी मी गाडी थांबवतो. लोक ओरडतात, उशीर होतो म्हणतात, तरी उतरतो आणि चारही चाकं हलवून बघतो. आज आई म्हणाली, थांबायचं नाही का रे? मी म्हटलं, कशाला? चाक आपल्या उस्तानं बसवलंय.